दवाखानाच सलूनमध्ये जातो तेव्हा : ज्येष्ठ कृष्णवर्णीय पुरुषांच्या आरोग्याविषयी प्रश्नोत्तरे

मी अमेरिकेत वृद्धांच्या आजारांवर उपचार करते. माझ्या रुग्णांमध्ये कृष्णवर्णीय आजोबा बरेच आहेत. त्यांच्याविषयी मागे लिहिलं होतं, त्यावर वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काहींना आज उत्तरं देते.

प्रश्न : मी पुण्यात समाजकार्याचं शिक्षण घेते आहे. अमेरिकेत कृष्णवर्णीय पुरुषांचा रक्तदाब सलूनमध्ये तपासतात असं वर्गात ऐकलं. सलूनच का? आणि त्याने खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि किती पडतो ते मोजलेलं आहे. लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयातले डॉ. रोनाल्ड व्हिक्टर आणि त्यांचे सहकारी यांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. ५२ सलून, त्यांची नेहमीची ३१९ कृष्णवर्णीय गिऱ्हाइकं, वय ३५ ते ७९, आणि सगळ्यांचा वरचा रक्तदाब १४० किंवा त्याहून जास्त. काही सलूनमध्ये केस कापणाऱ्याने फक्त समजावायचं होतं : मीठ कमी करा, डॉक्टरांना भेटा. बाकीच्या सलूनमध्ये खास शिकलेले फार्मासिस्ट येऊन बसत. डॉक्टरांशी झालेल्या करारानुसार ते तिथेच औषध लिहून देत, डोस वाढवत, रक्ताची तपासणीही तिथेच करत. सहा महिन्यांनी नुसत्या सल्ल्याच्या गटात वरचा आकडा सरासरी ९ ने उतरला होता आणि फार्मासिस्टच्या गटात २७ ने. इतका फरक औषधांच्या अभ्यासातही क्वचितच दिसतो.

या अभ्यासातून बहुतेक जण ‘सलूनमध्ये जनजागृती करा’ एवढंच उचलतात. मला तो अर्धाच धडा वाटतो. जनजागृती दोन्ही गटांत होती. औषध, त्याचा पाठपुरावा आणि ते देणारा माणूस हे तिन्ही खुर्चीपाशी आले, तेव्हा रक्तदाब उतरला. उपचार हातात न देता नुसती भीती घातली, तर माणूस पुढच्या वेळी सलूनही बदलेल.

आता सलूनच का, ते सांगते. वंशभेदाच्या काळात कृष्णवर्णीय माणसाला स्वतःच्या मालकीचे जे मोजके धंदे करता येत होते त्यांत सलून होतं. तिथे गोऱ्या मालकाचा किंवा पोलिसाचा कान नसे. आजही शनिवारी अशा सलूनमध्ये गेलात तर केस न कापताच तासन् तास बसलेले आजोबा दिसतील. बास्केटबॉल, राजकारण, कुणाचा गुडघा, कुणाची गेलेली बायको, सगळं तिथे बोललं जातं. एकाच माणसाकडून वर्षानुवर्षं केस कापून घेणाऱ्याला ‘तुमचा चेहरा आज उतरलाय’ असं तो माणूस म्हणू शकतो. मी म्हटलं तर ते तपासणीतलं वाक्य होतं.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. शेजारचे कृष्णवर्णीय गृहस्थ सत्तरीच्या पुढचे आहेत, पत्नी वारल्यापासून एकटेच असतात. घरी बीपीचं यंत्र आहे, पण डॉक्टरकडे जात नाहीत. आम्ही बोललेलं त्यांना आवडेल का?

आधी एक गोष्ट जपा. त्यांना पहिल्या नावाने हाक मारू नका. मिस्टर आणि आडनाव, असंच म्हणा, ते स्वतः ‘नको’ म्हणेपर्यंत. अमेरिकेच्या दक्षिणेत त्यांच्या वडिलांना, साठीचे झाले तरी, गोरी माणसं नुसत्या नावाने किंवा ‘पोरा’ म्हणून हाक मारायची आणि ‘मिस्टर’ मुद्दाम टाळायची. दवाखान्यातली पंचविशीची मुलगी जेव्हा मोकळेपणाच्या हौसेने त्यांना एकेरी नावाने पुकारते, तेव्हा तिला कल्पना नसते, पण खोलीतली हवा बदलते. मी ती बदलताना पाहिली आहे.

मग त्यांच्याकडे काहीतरी मागायला जा. हिवाळ्यात गाडी कशी सांभाळायची, टोमॅटो कधी लावायचे, पूर्वी ही गल्ली कशी होती. ज्यांनी आयुष्यभर घर चालवलं त्यांना मदत घेण्यापेक्षा मदत करणं सोपं जातं. ओळख मुरली की एक दिवस म्हणा, ‘आमच्याकडेही बीपी आहे, एकत्रच मोजू या का?’

मोजताना घाई नको. खुर्चीला पाठ टेकलेली, दोन्ही पावलं जमिनीवर, पायांची अढी सोडलेली. हात टेबलावर, दंड छातीच्या उंचीला. पट्टा बाहीवरून नाही, उघड्या दंडावर. दंड जाड असेल तर मोठा पट्टा लागतो, लहान पट्टा आकडा उगाच चढवून दाखवतो. अर्धा तास आधी कॉफी-सिगारेट नको. पाच मिनिटं गप्प बसायचं, मग मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि दोन्ही आकडे तारखेसह वहीत. आठवडाभराची अशी वही घेऊन गेलेल्या माणसाचं म्हणणं डॉक्टरला उडवून लावता येत नाही. पहिल्या भेटीला ‘मी सोबत येऊ का?’ एवढं विचारा. आकडा १८० च्या वर असेल आणि छातीत दुखणं, धाप, बोलताना अडखळणं किंवा एका बाजूला अशक्तपणा असेल, तर वाट न पाहता ९११ या तातडीच्या मदतीच्या नंबरला फोन.

प्रश्न : टस्कीगीचं प्रकरण पन्नास वर्षांपूर्वीचं. अजूनही त्यामुळे लोक दवाखाना टाळतात हे पटत नाही. (निवृत्त शिक्षक, कोल्हापूर)

सर, वयाचा हिशेब करून पाहा. टस्कीगी हे गाव ज्या परगण्यात आहे त्या अलाबामातल्या मेकनमध्ये अमेरिकी सरकारच्या आरोग्य खात्याने १९३२ साली सुमारे सहाशे कृष्णवर्णीय पुरुष अभ्यासाला घेतले. त्यांपैकी ३९९ जणांना सिफिलिस होता. ‘रक्त खराब आहे’ एवढंच त्यांना सांगितलं. १९४० च्या दशकात पेनिसिलिन सर्रास मिळू लागलं तरी ते त्यांना दिलं नाही, आजार पुढे कसा जातो ते बघत राहिले. १९७२ साली वर्तमानपत्रांत बातमी फुटली तेव्हा ते थांबलं. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली १९९७ मध्ये. माझ्या दवाखान्यात येणारे पंचाहत्तरीचे आजोबा १९७२ साली विशी ओलांडलेले तरुण होते. त्यांनी ती बातमी इतिहास म्हणून नव्हे, सकाळच्या पेपरात वाचली आहे.

शिवाय अविश्वासाला ताजी कारणंही आहेत. बोटाला लावायच्या ऑक्सिजनच्या यंत्राला गडद त्वचेवर खरी घसरण जास्त वेळा कळत नाही, हे २०२० साली करोनाच्या ऐन काळात मोजून दाखवलं गेलं. मूत्रपिंडाचं काम मोजायच्या सूत्रात कृष्णवर्णीयांचा आकडा वाढवून धरत. म्हणजे कागदावर मूत्रपिंड बरं दिसायचं आणि प्रत्यारोपणाच्या यादीत नाव उशिरा लागायचं. ते सूत्र २०२१ साली बदललं. हे रुग्णाला सांगितलं तर तो बिथरेल असं काही सहकाऱ्यांना वाटतं. मला उलटा अनुभव आहे. आपण होऊन सांगितलं की समोरचा माणूस सावरून बसतो आणि पहिल्यांदाच प्रश्न विचारतो.

प्रश्न : माझे सासरे जमैकन वंशाचे, बर्मिंगहॅममध्ये राहतात, वय ६४. प्रोस्टेटच्या तपासणीला ‘ते बोट घालणं नको’ म्हणून नकार देतात.

त्यांना आजच सांगा की सुरुवात दंडातून रक्त काढून होते. पीएसए ही रक्ताची तपासणी आहे. ब्रिटनमध्ये दर आठ पुरुषांत एकाला प्रोस्टेटचा कर्करोग होतो, कृष्णवर्णीयांत दर चारांत एकाला. पन्नाशीनंतर पुरुषाने जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, स्वतः मागितली तर ही तपासणी मिळते. आपण होऊन कुणी बोलावणार नाही, मागावी लागते. आकडा वाढलेला आला म्हणजे कर्करोगच असं नाही, पुढे बहुधा एमआरआय असतो. आणि हे तुम्ही सुनेने सांगण्यापेक्षा त्यांच्यासोबत डॉमिनोचा डाव खेळणाऱ्या, या आजारातून गेलेल्या एखाद्या दोस्ताने सांगितलं तर लवकर पटेल.

प्रश्न : वडील गेल्यापासून माझे एक कृष्णवर्णीय सहकारी, वय ६१, फार चिडचिडे झालेत. हे नैराश्य असेल का? (आयटी, डॅलस)

असू शकतं. पुरुषांमध्ये, विशेषतः ज्यांना ‘खंबीर राहा’ एवढंच शिकवलं गेलं त्यांच्यामध्ये, नैराश्य रडण्यातून कमी आणि राग, पाठदुखी, उडालेली झोप, वाढलेली दारू यांतून जास्त दिसतं. समोरासमोर बसवून विचारू नका. गाडीत, चालताना, काहीतरी दुरुस्त करताना विचारा. ‘जगावंसं वाटत नाही असं होतं का?’ हा प्रश्न सरळ विचारायला घाबरू नका. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर एकटं सोडू नका आणि आत्महत्येच्या विचारांत मदत करणाऱ्या ९८८ या हेल्पलाइनला फोन लावा.

प्रश्न : पोर्टलंडच्या आमच्या मंडळींना शहरातल्या कृष्णवर्णीय ज्येष्ठांसाठी एक मोठं आरोग्य शिबिर घ्यायचं आहे. कसं घ्यावं?

घेऊ नका, निदान आधी शिबिर नको. तुमच्याच शहरात काय चाललंय ते पाहा. तिथल्या आरोग्य विद्यापीठातल्या डॉ. रेना क्रॉफ यांनी ‘शार्प’ नावाचा उपक्रम उभा केला. पंचावन्नच्या पुढची कृष्णवर्णीय मंडळी तिघातिघांच्या गटाने, आठवड्यातून तीनदा, साधारण मैलभर चालतात, तीही आपल्याच जुन्या वस्त्यांतून. हातातल्या टॅबलेटवर ठरल्या जागी जुना फोटो उमटतो, की सुरू होतं : इथे अमक्याचं दुकान होतं, इथे आमचं लग्न ठरलं. १९७० च्या सुमारास रुग्णालय वाढवायचं म्हणून अल्बिना या तिथल्या कृष्णवर्णीय वस्तीतली कितीतरी घरं-दुकानं पाडली गेली, नंतर भाडी वाढली आणि उरलेली माणसं शहराच्या कडेला ढकलली गेली. अमेरिकेत कृष्णवर्णीय ज्येष्ठांना अल्झायमरचा धोका गोऱ्यांच्या सुमारे दुप्पट मानला जातो. अशा वेळी चालणं, सोबत आणि स्वतःच्या तोंडून सांगितलेली आठवण एकत्र आणणारा हा विचार मला फार मोलाचा वाटतो. त्यात कुणी ‘लाभार्थी’ नाही. वस्तीचा इतिहास त्यांच्याकडे आहे आणि बाकीचे तो ऐकणारे.

तुम्ही आधी त्यांच्या चर्चमध्ये किंवा ज्येष्ठांच्या केंद्रात जा आणि काय कमी आहे ते विचारा. बॅनर नेऊ नका. बहुतेक ठिकाणी तपासणीची नव्हे, तिथवर पोचण्याची अडचण असते : गाडी सोडली, बस दोनदा बदलावी लागते, डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर घरी न्यायला कुणी नाही. तुमच्यात वीस गाड्या असतील. दर मंगळवारी दोन गाड्या, ठरलेली वेळ, ठरलेले चालक, वर्षभर. एवढं जमत असेल तर कळवा, रुग्णांची ने-आण करताना काय सांभाळायचं त्याची माहिती मी पाठवते.