उत्तर वाचताना समजते, पण सोडवता येत नाही

प्रश्न : मी नोकरी सांभाळून, क्लास न लावता, व्यावसायिक लेखा परीक्षेची तयारी करत आहे. स्टडी मटेरियल दोनदा वाचून झाले आहे आणि सोडवलेली उदाहरणे वाचताना सर्व काही समजते. मात्र सराव परीक्षेत प्रश्न समोर आला की सुरुवात कोठून करावी तेच सुचत नाही. तिसऱ्यांदा वाचावे की क्लास लावावा?

उत्तर : तिसरे वाचन करू नये आणि क्लासचा निर्णयही तूर्त बाजूला ठेवावा, कारण आपली अडचण समजण्याची नसून लिहिण्याच्या सरावाची आहे. सोडवलेल्या उत्तरात कोणती रक्कम कोठे घ्यायची हे आधीच ठरलेले असते आणि परीक्षेत गुण नेमके ते ठरवण्याला असतात. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतर सरस ठरले होते. आठवड्यानंतर मात्र मजकूर न पाहता आठवून लिहिणाऱ्यांच्या अधिक लक्षात राहिले होते.

रोख प्रवाह पत्रकाचेच, म्हणजे रोख कोठून आली आणि कोठे गेली हे दाखवणाऱ्या पत्रकाचे, उदाहरण घ्या. ८०,००० पुस्तकी किमतीचे (हिशेबात नोंदलेल्या किमतीचे) यंत्र ९५,००० ला रोखीने विकले, तर कामकाजातील रोख प्रवाह काढताना नफ्यातून १५,००० वजा करावे लागतात आणि गुंतवणूक विभागात पूर्ण ९५,००० दाखवावे लागतात. वाचताना हे उघड वाटते. कोऱ्या कागदावर मात्र वजावट राहून जाते आणि तेच १५,००० दोनदा धरले जातात. अशी चूक सापडली की एका वेगळ्या वहीत ती कारणासह नोंदवावी. ‘घाईत चुकले’ ही नोंद निरुपयोगी आहे. ‘विक्रीचा नफा निव्वळ नफ्यात आधीच आला आहे हे तपासले नाही’ ही नोंद उपयोगाची. तोच प्रश्न काही दिवसांनी उत्तर झाकून पहिल्यापासून सोडवावा. माझ्या मते स्वयंअध्ययन करणाऱ्याकडे या वहीइतका चांगला शिक्षक दुसरा नाही.

वेळेचे गणितही याच सरावात बसवावे. तीन तासांत १०० गुणांचा पेपर असेल, तर एका गुणाला १.८ मिनिटे, म्हणजे २० गुणांच्या प्रश्नाला ३६ मिनिटे मिळतात. ती संपताच, उत्तर अपुरे असले तरी, पुढच्या प्रश्नाकडे वळण्याची सवय घरीच लावावी. ताळेबंद जुळला नाही तर तफावत पाहावी. ती १,८०० असेल, तर ९०० ची एखादी रक्कम चुकीच्या बाजूला गेली आहे का ते शोधावे. शिवाय १,८०० ला ९ ने भाग जातो, म्हणून ७,५०० ऐवजी ५,७०० असे आकडे उलटसुलट लिहिले गेले आहेत का तेही तपासावे. दोन मिनिटांत सापडले नाही तर सोडून द्यावे, कारण जेथे टप्प्यांना गुण असतात तेथे स्वच्छ लिहिलेल्या वर्किंग नोट्स (रकमा कशा काढल्या ती आकडेमोड) न जुळलेल्या ताळेबंदालाही बरेच गुण मिळवून देतात.

प्रश्न : लेखामानके (हिशेब मांडण्याचे ठरलेले नियम) पाठ केली तरी प्रसंगावर आधारित प्रश्नांत गुण जातात. पाठांतर कसे पक्के करावे?

उत्तर : मानकाची भाषा नव्हे, त्यातील अटी लक्षात ठेवाव्यात. आंतरराष्ट्रीय लेखामानक ३७ नुसार तरतूद करण्यासाठी, म्हणजे रक्कम किंवा वेळ निश्चित नसलेले देणे हिशेबात नोंदवण्यासाठी, तीन अटी आहेत : गतकाळातील घटनेमुळे आज बंधन असणे, ते फेडण्यासाठी पैसा जाण्याची शक्यता अधिक असणे आणि रकमेचा विश्वसनीय अंदाज करता येणे. भरपाईच्या दाव्याचा प्रसंग आला, तर प्रत्येक अट त्यातील तथ्यांशी जोडून एकेक वाक्य लिहावे आणि मगच निष्कर्ष द्यावा. त्यानंतर एक अट बदलून तोच प्रसंग पुन्हा सोडवावा : पैसा जाण्याची शक्यता कमी असेल, तर तरतूद न करता ते संभाव्य दायित्व म्हणून हिशेबांच्या टिपेत उघड करावे लागते आणि शक्यता अगदी नगण्य असेल, तर तेही करावे लागत नाही.