जंगलात घर बांधायचंय? आधी एक पावसाळा बघ

मित्रा प्लॅन भारी आहे पण घाई नको. आधी सातबारा नीट वाच, त्यातल्या 'इतर हक्क' रकान्यात 'खाजगी वन' असं काही दिसलं तर टोकनसुद्धा देऊ नकोस, आणि महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं हे एजंट लोक नेमकं शेवटी सांगतात.

मग एक अख्खा पावसाळा नुसतं जाऊन बघ. मी ताम्हिणीच्या बाजूला मे महिन्यात मस्त सपाट जागा बघून खुंट्या ठोकल्या, जुलैत गेलो तर तिथूनच घोटाभर पाणी वाहतंय, खुंटीला पालापाचोळा अडकलेला. वाचलो म्हणायचं! उतार सपाट करायला जेसीबी तर अजिबात लावू नकोस, सुटलेली माती पावसात थेट ओढ्यात जाते. त्यापेक्षा जांभ्या दगडाचे बुटके खांब घे, त्यावर लाकडी जमीन, पाणी खालून जाऊ दे की.

बांबू कोवळा नको, तीनेक वर्षांचा घे, पावसाळा संपल्यावर तोडलेला, आणि बोरॅक्स-बोरिक अॅसिडच्या पाण्यात मुरवलेला, नाहीतर भुंगा लागून खाली पिवळी पावडर पडायला लागते. वळचण तीन फूट तरी बाहेर काढ, घाटात पाऊस आडवा मारतो. मंगलोरी कौलं छानच पण माकडं सरकवतात, दहा-वीस जास्तीची आणून ठेव.

शोषखड्डा विहिरीपासून लांब. बाहेर हॅलोजन लावू नकोस रे, जूनच्या तोंडाला काजवे येतात तिथे.