फोर्ब्स स्ट्रीट ते मिल्टन

प्रश्न : मुलीकडे बोस्टनला आले आहे. जवळच मिल्टन गावात कॅप्टन फोर्ब्स यांचं घर आहे. तिथे चीनच्या व्यापाराचं लहानसं संग्रहालय आहे, असं ऐकलं. माझं बालपण काळा घोड्याजवळ गेलं. हे फोर्ब्स आमच्या फोर्ब्स स्ट्रीटचेच का? आणि जाऊन बघू काय?
— एक वाचक, मूळ मुंबई

उत्तर : नाही, ताई. आपल्या फोर्ब्स स्ट्रीटचे, म्हणजे आजच्या डॉ. व्ही. बी. गांधी मार्गाचे जॉन फोर्ब्स अठराव्या शतकात स्कॉटलंडहून मुंबईत आले. मिल्टनचं घराणं वेगळं. पण त्या घराचा मुंबईशी संबंध आहे, आणि तो अफूचा आहे.

मिल्टनचे कॅप्टन, रॉबर्ट बेनेट फोर्ब्स, तेराव्या वर्षी जहाजावर चढले. १८३०च्या सुमारास चीनमधल्या कँटन बंदराजवळच्या लिंटिन बेटापाशी अफू साठवणारं जहाज त्यांच्या ताब्यात होतं. मिल्टनचं घर १८३३चं, आईसाठी बांधलेलं. अमेरिकनांना चीनकडून चहा, रेशीम, चिनी मातीची भांडी हवी होती आणि चिनी व्यापारी मागत होते चांदी. अमेरिकेचं पहिलं जहाज १७८४मध्ये गेलं ते जिनसेंग या औषधी वनस्पतीची मुळं घेऊन. तेवढ्यानं किती भागणार? मग अफू आली. अमेरिकनांनी आधी तुर्की अफू नेली, पुढे हिंदुस्थानचीही. आपल्याकडची माळव्याची अफू घाट उतरून मुंबई बंदरात यायची आणि तिथून चीनला जायची. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी कापसाबरोबर याच व्यापारात संपत्ती कमावली.

माझी आई त्यांच्याच नावाच्या जे. जे. रुग्णालयात परिचारिका होती. १८४५च्या त्या रुग्णालयाच्या देणगीमागे अफूचाही पैसा होता, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. त्या रुग्णालयानं वाचवलेली माणसं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. तरी तेव्हापासून चिनी कपबशा काचेआड दिसल्या की त्यांची किंमत कुणी मोजली, हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही. तुम्हीही मार्गदर्शकाला अफूबद्दल अवश्य विचारा.

जेम्सटाउन जहाजाबद्दलही विचारा. १८४७मध्ये आयर्लंडच्या दुष्काळात याच कॅप्टननं बोस्टनहून सुमारे ८०० टन धान्य अन् इतर मदत पंधरा दिवसांत कॉर्कला पोहोचवली. अफूवाला कॅप्टन आणि हा कॅप्टन एकच. मला दोन्ही गोष्टी तितक्याच खऱ्या वाटतात.

एक मात्र लक्षात ठेवा. या घरातलं चीन-व्यापाराचं संग्रहालय १९८४मध्ये बोस्टनजवळच्या सेलम शहरातल्या पीबडी संग्रहालयात विलीन झालं. त्यामुळे निर्यातीची चिनी भांडी भरपूर बघायची असतील तर सेलमलाही जा. मिल्टनला निघण्याआधी फोन करून वेळ ठरवा. आणि घराबाहेर पडल्यावर टेकडीवरून बंदराच्या दिशेला जरा वेळ बघत उभ्या राहा. जहाजं तिकडूनच सुटायची.