‘शिकवण्याच घेत बसणार असेल तर…’

प्रश्न : मुलगा अकरावी सायन्सला आहे, दहावीला 91 टक्के. सहा वर्षं अकॉर्डियन शिकतोय, 120 बासच्या वाद्यावर सिनेमाची गाणी सफाईने वाजवतो. जर्मन अकॉर्डियनवादक स्टेफान हुसाँग यांचं वादन ऐकल्यापासून जर्मनीत शिकायचा हट्ट धरलाय. नाव होणार असेल तर पाठवतो. पण शेवटी शिकवण्याच घेत बसणार असेल तर इंजिनिअरिंग काय वाईट? – एक पालक, सांगली

उत्तर : मार्कांचं सोडा, मला तुमची अट खटकली. ‘नाव होणार असेल तर’ हे घरात रोज ऐकणारा मुलगा रियाज करणार नाही, स्वतःचा निकाल लावत बसेल. आणि ज्यांच्यामुळे हे सुरू झालं त्या हुसाँग यांचंच बघा ना. जन्म 1962 चा. जर्मनीतल्या ट्रॉसिंगेनला हूगो नोथ यांच्याकडे शिकले, मग टोरोंटो, मग तोक्यो. मैफली केल्या, रेकॉर्डिंग केली आणि वुर्झबर्गच्या संगीत महाविद्यालयात शिकवलंही. तुम्ही ज्याला ‘शिकवण्या’ म्हणता, त्याची तिकडे वेगळी पदवी असते. ती घेऊन लोक नगरपालिकांच्या संगीतशाळांत काम करतात. श्रीमंती नाही. अनेकांना तासांवर पैसे मिळतात. हेरेनबर्गच्या एका पियानो शिक्षिकेच्या खटल्यात 2022 साली तिला कर्मचारी ठरवलं गेलं, तेव्हापासून तासांवरचे असे करार बदलावे लागताहेत. काळजीच करायची तर या पगाराची करा, ती रास्त आहे.

आता ‘सफाईने वाजवतो’ याबद्दल. 120 बासच्या वाद्यात डाव्या हाताला बटणांच्या सहा ओळी असतात. दोन ओळींत सुटे स्वर, चारांत तयार कॉर्ड, म्हणजे एका बटणावर एकत्र वाजणारे स्वर. सुटे स्वर सगळे मिळून बाराच, सप्तक निवडता येत नाही. गाण्याच्या साथीला ते पुरतं. बाखची फ्यूग, म्हणजे एकाच धुनेचे अनेक आवाज गुंफलेली रचना, वाजवायला घ्या : खालच्या सुरांची चाल वर चढत जाते आणि मध्येच धपकन खाली येते, चालच मोडते. म्हणून तिथे कन्व्हर्टर असलेलं वाद्य लागतं. खटका दाबला की कॉर्डच्या ओळी सुटे स्वर देतात. म्हणजे डावा हात जवळजवळ नव्याने शिकायचा. आणखी एक अडचण भात्याची : पेटीत डावा हात फक्त भाता मारतो, इथे तोच हात वाजवत असताना भाताही सांभाळतो. घरी एक चाचणी घ्या. एकच स्वर पंधरा सेकंद धरायला सांगा, मध्ये भात्याची दिशा एकदा बदलायची, आणि फोनवर रेकॉर्ड करा. वळणावर धक्का ऐकू आला तर आधी ते काम.

जेईई, सीईटी तुम्हाला माहीतच आहेत, त्यावर लिहीत नाही.

जर्मनीतल्या संगीत महाविद्यालयांच्या प्रवेशपरीक्षेत वादनाबरोबर संगीतशास्त्र आणि कान तपासतात, अध्यापनाच्या शाखेला सहसा पियानोही. जर्मन भाषा बहुतेक ठिकाणी बी1 ते बी2, म्हणजे मधल्या पातळीची, लागते. पदवी साधारण आठ सेमिस्टरची. ट्रॉसिंगेन ज्या राज्यात आहे तिथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला 1500 युरो फी पडते. व्हिसासाठी वर्षाचे 11,904 युरो ‘ब्लॉक्ड’ खात्यात, म्हणजे महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, दाखवावे लागतात. हा आकडा बदलतो, अर्जाच्या वेळी पुन्हा बघा.

कन्व्हर्टरचं मोठं वाद्य आत्ताच विकत घेऊ नका. ते महाग असतं, वजन बारा-पंधरा किलो, आणि सूर बिघडले तर जवळ कारागीर मिळेलच असं नाही. या महिन्यात पियानो आणि जर्मनचा क्लास लावा. बारावीपर्यंत दोन्ही टिकले तर खर्चाचं बोलू. जेईईचा क्लास ठेवायचा की नाही, हे मात्र मला विचारू नका, त्याला विचारा.