बांधकामावरची सुरक्षा-देखरेख: आधी साइट, मग सर्टिफिकेट

प्रश्न: माझी मुलगी सिव्हिल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. गोपनीय इमारती बांधल्या जात असताना तिथल्या कामावर नजर ठेवणाऱ्या अमेरिकी तंत्रज्ञांबद्दल तिने वाचलं, तेव्हापासून हेच करायचं म्हणते. एक संस्था ४५,००० रुपयांत ऑनलाइन सर्टिफिकेट देते आहे. भरावेत का? शिवाय आमच्या घरचा शेतीच्या वाटणीचा दावा कोर्टात आहे. सरकारी नोकरीच्या पडताळणीत तो आड येईल का?
– एक आई, उपनगर, नाशिक रोड

ताई, नमस्कार.

पैसे भरू नका. मुलीने ज्याबद्दल वाचलं ते ‘कन्स्ट्रक्शन सर्व्हेलन्स टेक्निशियन’चं काम अमेरिकी सरकारने पडताळणी केलेल्या अमेरिकी नागरिकांनाच मिळतं आणि त्याचं प्रशिक्षणही त्यांनाच दिलं जातं. आपल्याकडच्या कुठल्याही सर्टिफिकेटने ते दार उघडत नाही. पण मुलीची आवड अस्सल आहे, ती मोडू नका.

हे काम कशासाठी असतं, ते तिला मॉस्कोच्या उदाहरणावरून समजावून सांगा. तिथल्या अमेरिकी वकिलातीच्या नव्या इमारतीचं काम १९७९ मध्ये सुरू झालं. खांब आणि तुळया साइटबाहेर, सोव्हिएत कामगारांच्या हातून ओतून येत होत्या. ओतताना तिथे अमेरिकेचं कुणी उभं नव्हतं. पुढे काँक्रीटच्या आतच ऐकण्याची यंत्रं पुरलेली सापडली आणि १९८५ मध्ये काम थांबवावं लागलं. शेवटी वरचे मजले उतरवून, अमेरिकेतून सामान आणि माणसं नेऊन ते पुन्हा बांधले. इमारत पुरी व्हायला २००० साल उजाडलं. म्हणजे इमारत उभी राहिल्यावर दारावर कितीही पहारा बसवला तरी उपयोग नसतो. भिंत बंद होण्याआधी तिच्यात काय गेलं, हे पाहिलेला माणूस लागतो.

त्या माणसाचा दिवस कसा जातो? सकाळी गेटवर पास आणि माणूस जुळवायचा, संध्याकाळी आत गेलेली डोकी आणि बाहेर आलेली डोकी मोजायची. आलेला माल चलनाशी ताडायचा, सील तपासायचं, कुलपात ठेवायचा. स्लॅब टाकण्याआधी सळई आणि कंड्यूट, म्हणजे वायरींच्या नळ्या, ड्रॉइंगप्रमाणे आहेत का बघायचं. एखादी नळी ड्रॉइंगमध्ये नाही आणि साइटवर आहे, तर ती कुणी, कशासाठी टाकली याचं उत्तर मिळेपर्यंत काँक्रीट थांबवायचं. प्लास्टरआधी प्रत्येक भिंतीची नोंद. ड्रॉइंगची प्रत कुणाकडे गेली, परत आली का, याचं रजिस्टर. आणि हे सगळं मुकादम घाई करत असताना, तयार काँक्रीटची (आरएमसी) गाडी खोळंबलेली असताना.

मी मार्गदर्शनाकडे वळण्याआधी काही वर्षं साइटवर होतो. एका साध्या कार्यालयाच्या इमारतीत प्लास्टर झालेली भिंत आम्हाला फोडावी लागली, कारण आत गेलेल्या एका पाइपची नोंद कुणीच ठेवली नव्हती. तो पाणी निचऱ्याचाच निघाला. पण तो तिथे का आहे हे सांगणारा एकही कागद नव्हता, ही गोष्ट मला आजही बोचते. म्हणून मी म्हणतो, आधी सिव्हिलचं काम मनापासून शिकायचं. ड्रॉइंग वाचता येत नाही त्याला भिंतीतली जास्तीची नळी दिसणारच नाही.

आता आपल्या भागाकडे या. तुमच्या घरापासून जवळच नोटा छापणारी प्रेस आहे, देवळालीत तोफखान्याचं प्रशिक्षण आहे, ओझरला विमानं बनवणारी एचएएल आणि हवाई दलाचं ठाणं आहे. आपल्याकडे या देखरेखीचं वेगळं पद किंवा वेगळी पदवी नाही. ते काम अभियंता आणि सुरक्षा दल यांच्यात वाटलेलं असतं.

लष्कराची बांधकामं एमईएस, म्हणजे मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस करते. तिथल्या कनिष्ठ अभियंत्याची भरती स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या जेई परीक्षेतून होते. एमईएससाठी पदवी असली तर थेट अर्ज करता येतो, नुसता डिप्लोमा असेल तर दोन वर्षांचा अनुभव मागतात. म्हणून माझा स्पष्ट सल्ला: डिप्लोमानंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घ्यावा. पदवी झाली की यूपीएससीच्या इंजिनिअरिंग सर्व्हिसेसमधून एमईएसमध्ये अधिकारी होण्याची वाटही खुली होते.

सीआयएसएफ, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल, हा दुसरा रस्ता. प्रेससारख्या ठिकाणांचा पहारा याच दलाकडे असतो, आणि उपनिरीक्षक पदासाठी कुठल्याही शाखेची पदवी चालते. मात्र तिथे मैदानी चाचणी आहे आणि बांधकामाशी रोजचा संबंध राहीलच असं नाही. तुम्ही पत्रात लिहिलंय तसं तिला सळई-सेंट्रिंगमध्ये रस असेल, तर माझा कौल एमईएसलाच.

पदवीच्या सुट्ट्यांत तिला खऱ्या साइटवर पाठवा. सिंहस्थाची कामं आहेत, कुठल्याही ठेकेदाराकडे महिना-दोन महिने चालतील. रोजची वही ठेवायची: किती माणसं, कुठला माल, काय झाकलं गेलं. एक सवय मात्र आत्ताच लावा. लष्करी हद्दीजवळचे फोटो, नकाशे मोबाइलवर टाकायचे नाहीत. १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम आजही लागू आहे आणि निषिद्ध जागेचं नुसतं रेखाटनही त्यात गुन्हा ठरू शकतं.

राहिला कोर्टाचा दावा. वाटणीचा दिवाणी दावा आड येत नाही. पडताळणीसाठी भरून घेतात त्या साक्षांकन नमुन्यात (अटेस्टेशन फॉर्म) विचारतात ते उमेदवाराला कधी अटक झाली का, तिच्यावर फौजदारी खटला चालला का, शिक्षा झाली का. जे विचारलंय ते खरं लिहायचं. माहिती दडवल्यामुळे नोकरी गेल्याची प्रकरणं इतकी झाली, की २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अवतार सिंग खटल्यात त्याचे निकष घालून द्यावे लागले. त्याच नमुन्यात मागच्या पाच वर्षांत जिथे वर्षाहून जास्त राहिलात ते पत्तेही मागतात. उपनगरात येण्याआधी तुम्ही सिन्नरला भाड्याने होतात असं लिहिलंय. तो पत्ता आणि राहण्याच्या तारखा आजच एका वहीत उतरवून ठेवा, घरमालकांकडून भाडेकरार मिळत असेल तर त्याची प्रतही मागून घ्या.