जुन्या बोलेरोचे घसरलेले ॲव्हरेज इंजिनचे काम न काढता सुधारता येईल का?

आपली 2010 सालची डिझेल बोलेरो पूर्वी लिटरला 12 ते 13 किलोमीटर देत असे, आता ती 9 वर आली आहे, आणि गॅरेजवाल्यांनी इंजिनचे काम काढण्याचा सल्ला दिला आहे, असे आपण लिहिले आहे. माझ्याकडे याच काळातील बोलेरो बरीच वर्षे आहे आणि हा प्रश्न मलाही पडला होता. त्या अनुभवावरून सांगतो की, इंजिन उघडण्याचा निर्णय सर्वांत शेवटी घ्यावा.

आधी 9 हा आकडा खरा आहे का, ते पाहावे. या गाडीचे मूळ टायर 215/75 आर 15 मापाचे असतात, परंतु अनेक जण गाडी उंच दिसावी म्हणून 235/75 आर 15 बसवतात. मोठ्या टायरचा व्यास सुमारे 4 टक्क्यांनी अधिक असल्यामुळे मीटरवर 100 किलोमीटर दिसतात तेव्हा गाडी प्रत्यक्षात 104 किलोमीटर धावलेली असते, म्हणजे हिशेबात ॲव्हरेज आहे त्याहून कमी दिसते. मोठा टायर फिरवायला ताकदही जास्त लागते, ती गोष्ट वेगळी. मोजणीसाठी एकाच पंपावर, शक्य तर एकाच मशीनवर, नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी, निदान 300 किलोमीटर नेहमीसारखी गाडी चालवावी आणि पुन्हा तशीच भरावी. असे तीन वेळा केल्याशिवाय मी कोणत्याही आकड्यावर विश्वास ठेवत नाही.

त्यानंतर गाडी मोकळी धावते का, ते तपासावे. टायरमधील हवा सकाळी, गाडी थंड असताना, कंपनीच्या पुस्तिकेत सांगितल्याइतकी करावी. ब्रेक चिकटत असल्यास इंजिन कितीही उत्तम असले तरी डिझेल वाया जाते, आणि चिखलपाण्यात फिरणाऱ्या जुन्या गाडीत हा दोष फार आढळतो. सरळ रस्त्यावर, ब्रेक कमीत कमी वापरून 15-20 किलोमीटर चालवल्यानंतर प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन पाहावा, मात्र ड्रम किंवा डिस्कला स्पर्श करू नये. एखादे चाक इतरांपेक्षा स्पष्टपणे गरम लागले, तर ते जॅकवर उचलून हाताने फिरवून पाहावे. माझ्या गाडीत मागील उजव्या चाकाची हँडब्रेकची केबल गंजून अडकली होती, आणि ती बदलल्याबरोबर गाडी उतारावर आपोआप पुढे सरकू लागली, तेव्हा इतके दिवस आपण काय ओढत होतो ते मला कळले.

तिसरी गोष्ट थर्मोस्टॅटची, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेची, आणि तिच्याकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. गाडी एकदा प्रमाणाबाहेर गरम झाली की, 'आपल्याकडे त्याची गरज नाही' असे म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची सवय अनेक मेकॅनिकांना आहे, आणि माझ्या गाडीतूनही तो एका गॅरेजमध्ये मला न विचारता काढला गेला होता. तो नसला की कूलंट सतत रेडिएटरमधून फिरत राहते, इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते किंवा थंडीत पोहोचतच नाही, तेल घट्ट राहते आणि डिझेल जास्त लागते. अर्धा तास चालवूनही तापमानाचा काटा खालीच राहत असेल, तर नवा थर्मोस्टॅट बसवावा. हा भाग स्वस्त आहे. गाडी खरोखर गरम होत असेल, तर त्याचे कारण रेडिएटर, फॅन किंवा वॉटर पंपात शोधावे.

जोर लावताना काळा धूर येत असेल, तर डिझेल पुरते जळत नाही. अशा वेळी आधी एअर फिल्टर, मग टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा भाग) व इंटरकूलर (ती हवा थंड करणारा भाग) यांच्या रबरी नळ्यांतील चिरा पाहाव्यात.

चालवण्याच्या पद्धतीत वेग सर्वांत महत्त्वाचा आहे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ताशी 80 वरून 100 वर गेल्यास तो दीडपटीहून अधिक होतो, आणि बोलेरोच्या चौकोनी बांध्याला हे फारच जाणवते. टपावरील रिकामे कॅरियर काढून ठेवावे. घाट उतरताना न्यूट्रल करू नये: गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाला होणारा डिझेलचा पुरवठा जवळजवळ थांबतो, तर न्यूट्रलमध्ये ते चालू राहण्यापुरते डिझेल जाळतच राहते, आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

एवढी खटपट करण्याजोगा लाभ आहे का, असे वाटेल. ॲव्हरेज 9 वरून 11 झाले तर 1000 किलोमीटरमागे सुमारे 20 लिटर डिझेल वाचते, तर 20 वरून 22 वर गेलेल्या लहान गाडीचे केवळ साडेचार लिटर वाचते.

हे सर्व करूनही फरक पडला नाही, तर इंजिनात डिझेल सोडणारे पंप आणि नोझल तपासायला देण्याआधी चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवा किती दाबली जाते ते, मोजून घ्यावे, कारण ते कमी असेल तर पंप-नोझलवरील खर्चाने काही साधणार नाही, आणि इंजिनच्या कामाचा निर्णय मग त्या चार आकड्यांवरून घेता येईल.