शेवटच्या वर्षाला सेन्सर-मोटर-कॅमेऱ्याचा कोणता प्रोजेक्ट घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की चौघांचा ग्रुप आहे, घरं यवतमाळकडच्या खेड्यांत, आणि ऑटोमॅटिक ठिबक, रानडुकरं हाकलायचं मशीन की पानावरचा रोग ओळखणारा रोबोट, यातलं काय घ्यावं. मी पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये आहे, घरी पऱ्हाटी (कपाशी) आहे, म्हणून सरळ सांगतो, तिन्ही राहू द्या आणि गुलाबी बोंडअळीच्या कामगंध सापळ्यावर, म्हणजे मादीच्या वासाने अळीचे नर पतंग ओढून धरणाऱ्या सापळ्यावर, कॅमेरा बसवा.

ठिबकवाला सगळेच करतात, त्यातले स्वस्त दोन काट्यांचे सेन्सर ओल्या मातीत काही आठवड्यांत गंजतात, आणि आपली काळी माती सुकली की भेगाळते, मग सेन्सरभोवती नुसती हवा राहते आणि तो काहीही सांगतो. डुकरं हाकलायच्या मशीनमधला पीआयआर (हालचाल ओळखणारा) सेन्सर अंगाच्या आणि आजूबाजूच्या तापमानातला फरक पकडतो, उन्हाळ्यात हवाच अंगाएवढी तापली की त्याला डुक्कर काय न् रोही (नीलगाय) काय, नीट दिसत नाही.

सापळा का म्हणतो, तर त्याचं उत्तर तुम्हाला स्वतःला रोज सकाळी वावरात जाऊन तपासता येतं. रोबोटने पान पाहून रोग सांगितला तर तो बरोबर की चूक हे तुम्ही कशावरून ठरवणार? इथं मशीन म्हणालं 6 आणि तुम्ही हाताने मोजले 9, तर चूक किती ते लगेच कळलं. आणि या आकड्यावर कास्तकाराचा पैसा अडकलेला असतो. एका सापळ्यात रात्रीला 8 पतंग, असं सलग तीन रात्री आलं की आर्थिक नुकसानीची पातळी गाठली, फवारणीचं पाहायचं, त्याच्या खाली असेल तर थांबता येतं. पण रोज सकाळी सापळे मोजायला वेळ कोणाजवळ आहे, म्हणून शेजाऱ्याने पंप काढला की आपणही काढतो. 2017 ला बोंडअळीने आपल्याकडची कपाशी खाल्ली, त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर गेले. एक फवारणी जरी टळली तरी मला ते फार मोठं काम वाटतं.

आता करायचं कसं. नरसाळ्याच्या सापळ्यात पतंग खाली प्लास्टिकच्या पिशवीत पडतात, कॅमेऱ्याला दिसत नाहीत, म्हणून चिकट पट्टीवाला डेल्टा सापळा घ्या. कॅमेरा ईएसपी32-कॅम (कॅमेरा लावलेला छोटा स्वस्त बोर्ड) पुरतो, फक्त त्याचं लेन्स दूरच्यासाठी फिक्स केलेलं असतं, वीतभर अंतरावरचा पतंग नुसता राखाडी ठिपका दिसतो. लेन्सच्या कडेला गोंदाचा थेंब असतो तो ब्लेडच्या टोकाने हलकेच सोडवा आणि लेन्स डावीकडे थोडंथोडं फिरवत पतंगाचे पंख स्पष्ट दिसेपर्यंत या, घाई केली तर लेन्स तुटते. फोटो दिवसातून एकच काढा, उजाडल्यावर, बाकी वेळ बोर्ड डीप स्लीपमध्ये (जवळपास बंद, वीज नगण्य), म्हणजे छोट्या सोलर पॅनलवर भागतं. वावरात नेटवर्क नसतंच समजा, फोटो एसडी कार्डात ठेवा.

मोटर हवीच असेल तर तिला खरं काम आहे इथं. पट्टी तीच राहिली तर कालचे पतंग आजच्या फोटोत येतात, म्हणून चिकट कागदाचा रोल करा आणि छोटी स्टेपर मोटर रोज सकाळी फोटो काढून झाल्यावर तो पुढे सरकवेल असं बसवा. एसडी कार्ड लावल्यावर कॅमेरा बोर्डाच्या पिना फार उरत नाहीत, तर मोटर वेगळ्या नॅनोवर (छोट्या अर्डुइनो बोर्डावर) घ्या, सप्लाय वेगळा पण ग्राउंड एकच, नाहीतर मोटर फिरली की कॅमेरा रिसेट मारतो आणि तुम्ही आठवडाभर कोडमध्ये चूक शोधत बसता.

गाईड विचारतील एआय कुठं आहे. आधी साधं ओपनसीव्हीने (फोटो तपासायची फुकट सॉफ्टवेअर लायब्ररी) गडद ठिपके मोजा, धूळ आणि दुसरे किडे त्यात येतीलच, ते वेगळे काढायला मॉडेल लागतं हे तुमच्याच फोटोंवरून दाखवता येईल, नेटवरून उचललेल्या फोटोंपेक्षा त्याला वजन आहे.

एक गोष्ट मात्र आताच ठरवा, पेरणी जूनमध्ये, साधारण दीड महिन्याने पात्या-फुलं लागतात तेव्हा सापळे लावतात, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला अळीचा जोर असतो, म्हणजे तुमचं सातवं सेमिस्टर. आठव्याला सुरू केलं तर वावरात मोजायला काही उरत नाही. सापळे कृषी केंद्रात मिळतील, ल्युअर (सापळ्यात लावायची वासाची गोळी) गुलाबी बोंडअळीचाच मागा, अमेरिकन बोंडअळीचा वेगळा असतो आणि दुकानदार घाईत कोणताही देतो.